मोटार विम्याचा भाव कोण ठरवतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोटारीचा विमा हा समाजवादी अभ्यासवर्गाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका पुष्कळांच्या मनात येईल. मोटार ही सुस्थित वर्गाची वस्तू. तिच्या विम्याच्या हप्त्यात दोन-अडीच हजारांचा फरक पडला, तर त्याची चिंता कष्टकऱ्यांच्या चळवळीने कशासाठी वाहावी? आक्षेप वरवर रास्त आहे. परंतु रस्त्यावरील वाहने म्हणजे केवळ बंगल्यांपुढे उभ्या असलेल्या मोटारी नव्हेत. रिक्षा, काळी-पिवळी टॅक्सी, भाजीपाल्याचा टेम्पो, कर्जाने घेतलेला मालट्रक, प्राथमिक शिक्षकाची दुचाकी ही सर्व वाहने विम्याच्या याच बाजारात उभी आहेत. शिवाय हा विमा ऐच्छिक नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ अन्वये त्रयस्थाच्या हानीचा, म्हणजे बोलीभाषेत ‘थर्ड पार्टी’ विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, अशी २०१९ च्या दुरुस्तीनंतरची तरतूद आहे. राज्यसंस्था जी वस्तू नागरिकाला कायद्याच्या बडग्याने विकत घ्यायला लावते, तिची किंमत कशी ठरते हे पाहण्याचे उत्तरदायित्वही त्या राज्यसंस्थेकडे येते. आणि या व्यवहारात एक तिसरा माणूस आहे, ज्याने ना विमा विकला ना घेतला. रस्त्याच्या कडेने चालणारा पादचारी, सायकलवरून पाळीला निघालेला कामगार. अपघात झाला तर त्याच्या कुटुंबाची भाकरी या कागदावर अवलंबून असते.

ज्या गोंधळाविषयी आज विचार करावयाचा आहे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. विम्याची मुदत संपायला महिना उरला की कंपनीकडून नूतनीकरणाची सूचना येते. वर्षभरात एकही दावा केलेला नसतो. गाडी एका वर्षाने जुनी झाल्यामुळे तिचे मूल्य घटलेले असते. दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीची, म्हणजे ‘नो क्लेम बोनस’ची पायरी एकाने वाढलेली असते. या तिन्ही गोष्टी जमेस धरल्या तर हप्ता उतरावयास हवा. प्रत्यक्षात तो चढलेला असतो. मालक प्रतिनिधीकडे तक्रार करतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिनिधी हजार रुपयांनी कमी आकडा घेऊन येतो. त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर तिसरा आकडा असतो, गाडी ज्या विक्रेत्याकडून घेतली त्याच्याकडे चौथा, आणि अनेक कंपन्यांचे भाव एकाच पडद्यावर दाखवणाऱ्या मध्यस्थाकडे पाचवा. एकदा भ्रमणध्वनीचा क्रमांक दिला की ‘आज रात्रीपर्यंतच हा भाव’ असे सांगणारे दूरध्वनी आठवडाभर येत राहतात. गाडी तीच, चालवणारा तोच, रस्ता तोच आणि धोकाही तोच. तरी भाव पाच.

हे समजून घेण्यासाठी हप्त्याची रचना पाहिली पाहिजे. थोडी अंकगणिताची वाट आहे, पण ती टाळून चालणार नाही, कारण सारा खेळ या अंकगणितातच लपलेला आहे.

हप्त्याचे मुख्य भाग दोन. पहिला थर्ड पार्टीचा. याचे दर कंपन्या ठरवीत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय विमा नियामकाशी विचारविनिमय करून ते अधिसूचित करते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खाजगी मोटारीचे इंजिन एक हजार सीसीपर्यंत असेल तर वर्षाला २,०९४ रुपये, दीड हजारापर्यंत असेल तर ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. कंपनी कोणतीही असो, प्रतिनिधी कोणीही असो, आकडा बदलत नाही. या भागाबाबत घासाघीस झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ‘ओन डॅमेज’चा. गोंधळाचे माहेरघर हे. येथे प्रथम गाडीचे मूल्य धरले जाते. त्याला विम्याच्या भाषेत ‘आयडीव्ही’ म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मालकाच्या हाती जास्तीत जास्त काय पडेल, ते या आकड्यावरून ठरते. उत्पादकाच्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ते काढावयाचे असते. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढील गाडीचे मूल्य दोन्ही पक्षांनी आपसांत ठरवावयाचे. या मूल्यावर एक दर लावला जातो. २००२ च्या मोटार दरपत्रकात हे दर गाडीचे वय, इंजिनाची क्षमता आणि विभाग यांनुसार बांधून दिलेले होते. मुंबई व पुणे ‘अ’ विभागात, नाशिक, कोल्हापूर व इतर गावे ‘ब’ विभागात. हजार ते दीड हजार सीसीच्या, पाच वर्षांच्या आतील मोटारीला ‘अ’ विभागात मूल्याच्या ३.२८३ टक्के, ‘ब’ विभागात ३.१९१ टक्के. हे दरपत्रक बंधनकारक राहिलेले नाही, तरीही कंपन्यांच्या पॉलिसीवरील हिशेब बहुधा त्याच पायावर मांडलेला आढळतो. फरक इतकाच की त्या पायावर कंपनी आपल्या मर्जीने ‘सूट’ देते. ती किती द्यावयाची, याला ग्राहकाला समजेल असा कोणताही जाहीर नियम नाही.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यातील बाराशे सीसीची मोटार आहे. तिचे मूल्य पाच लाख रुपये धरले. मालकाने सलग तीन वर्षे दावा केलेला नाही, म्हणून त्याचा बोनस ३५ टक्के. जुन्या दराने मूळ हप्ता १६,४१५ रुपये होतो. एका ठिकाणी त्याला ५० टक्के सूट मिळाली आणि दुसरीकडे ७० टक्के. पहिल्या हिशेबात सूट व बोनस वजा जाता ५,३३५ रुपये उरतात, दुसऱ्यात ३,२०१. थर्ड पार्टीचे ३,४१६ रुपये दोहोंत मिळवून त्यावर १८ टक्के कर लावला, तर एक आकडा १०,३२६ रुपये आणि दुसरा ७,८०८ रुपये होतो. अडीच हजार रुपयांचा हा फरक कोणत्याही धोक्याच्या मोजमापातून निर्माण झालेला नाही. तो ‘सूट’ या एका रकान्यातून निर्माण झाला.

याहून वाईट प्रकार पुढे आहे. समजा, तिसऱ्या विक्रेत्याने तीच ७० टक्के सूट कायम ठेवून गाडीचे मूल्य पाच लाखांऐवजी चार लाख वीस हजार धरले. पडद्यावर त्याचा भाव सर्वांत कमी दिसेल. किती कमी? करासह सुमारे ६०४ रुपये. या सहाशे चार रुपयांच्या मोबदल्यात मालकाने ऐंशी हजार रुपयांचे संरक्षण गमावलेले असते. गाडी चोरीला जाईपर्यंत त्याला हे कळतही नाही. बाजारात भाजी घेताना वजनात मारलेला काटा निदान डोळ्यांसमोर असतो. येथे काटा ग्राहकाच्याच हाती दिला जातो आणि तू स्वखुशीने कमी मूल्य निवडलेस, असे त्याला नंतर सांगितले जाते. जोडविम्यांचीही तीच गत. दुरुस्तीत बदललेल्या रबर, प्लॅस्टिकच्या भागांवर आणि टायर-बॅटरीवर पन्नास टक्के घसारा कापला जातो. तो कापला जाऊ नये म्हणून ‘झिरो डेप’ नावाचा वेगळा विमा विकतात. एका भावात तो असतो, दुसऱ्यात नसतो, आणि दोन्ही भाव मात्र शेजारी-शेजारी मांडून ‘तुलना करा’ असे आवाहन केले जाते.

विमा कंपन्यांचे समर्थक म्हणतात, हा फरक म्हणजे धोक्याचे अधिक सूक्ष्म मोजमाप होय. ज्याची गाडी वारंवार ठोकली जाते, ज्याच्या गाडीचे सुटे भाग महाग आहेत, त्याने अधिक द्यावे. यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण हे मोजमाप जर खरे असेल, तर तेच वाहन एकाच कंपनीत सकाळी एका भावाने आणि मालकाने कुरकुर केल्यावर संध्याकाळी दुसऱ्या भावाने कसे काय मिळते? कुरकुर केल्याने अपघाताची शक्यता कमी होते, असे विमागणिताच्या कोणत्याही ग्रंथात सांगितलेले नाही. येथे मोजला जातो तो धोका नव्हे. मोजली जाते ती ग्राहकाची चिकाटी, त्याची माहिती आणि त्याला असलेली सवड.

अर्थशास्त्रात याला मूल्यभेद म्हणतात. आर्थर पिगू यांनी १९२० साली त्याचे प्रकार सांगितले आणि १९३३ साली जोन रॉबिन्सन यांनी अपूर्ण स्पर्धेच्या विवेचनात त्याची सविस्तर मीमांसा केली. एकाच वस्तूची निरनिराळ्या गिऱ्हाइकांकडून निरनिराळी किंमत वसूल करता येण्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. गिऱ्हाइकांचे वेगवेगळे गट पाडता आले पाहिजेत, आणि स्वस्तात घेणाऱ्याला ती वस्तू महागात घेणाऱ्याला विकता येता कामा नये. गव्हाचे पोते स्वस्तात मिळाले तर ते शेजाऱ्याला देता येते. विम्याचा करार मात्र शेजाऱ्याच्या गाडीला चिकटवता येत नाही. दुसरी अट त्यामुळे आपोआप पुरी होते. पहिली अट पूर्वी अवघड होती. विमा प्रतिनिधीला गिऱ्हाईक पाहून अंदाज बांधावा लागे. आज कोणी किती वेळा भाव पाहिला, कोणत्या दिवशी पाहिला, गेल्या वर्षी निमूटपणे नूतनीकरण केले की नाही, याची नोंद यंत्रात असते. जो दरवर्षी चार ठिकाणी चौकशी करतो त्याला सूट, आणि जो विश्वासाने त्याच कंपनीकडे राहतो त्याला वाढीव हप्ता, असे गट पाडणे आता सहजसाध्य झाले आहे. निष्ठावंत ग्राहक नव्या ग्राहकाच्या सवलतीचा खर्च भरतो. वृद्ध, आजारी, अल्पशिक्षित आणि दिवसाचे बारा तास गाडी चालवून पोट भरणारा माणूस, ही सारी मंडळी बहुतेककरून पहिल्या गटात सापडतात.

हा केवळ समाजवाद्यांचा संशय नाही. खुल्या बाजाराच्या माहेरघरी, ब्रिटनमध्ये, तेथील वित्तीय नियामक संस्थेने घर आणि मोटार विम्याच्या किमतींची दीर्घ चौकशी केली. २०१८ या एका वर्षात साठ लाख विमाधारकांनी त्यांच्या धोक्याच्या मानाने अधिक हप्ता भरला होता, आणि सरासरीने आकारणी झाली असती तर त्यांचे एकशेवीस कोटी पौंड वाचले असते, असा त्या चौकशीचा निष्कर्ष होता. पहिल्या वर्षी स्वस्त भावाने ग्राहक ओढायचा आणि मग दरवर्षी पायरी-पायरीने भाव चढवीत न्यायचा, या रीतीला तेथे ‘प्राइस वॉकिंग’ म्हणतात. १ जानेवारी २०२२ पासून ती बेकायदा ठरली. त्याच मार्गाने येणाऱ्या नव्या ग्राहकाला जो भाव सांगितला जाईल, त्याहून अधिक भाव जुन्या ग्राहकाला नूतनीकरणाच्या वेळी लावता येत नाही. त्याआधी २०१७ पासूनच नूतनीकरणाच्या सूचनेवर गतवर्षीचा हप्ता छापणे तेथे सक्तीचे करण्यात आले होते. या नियमांनी हप्ते सरसकट स्वस्त होतील असे कोणी समजू नये. नव्या ग्राहकांच्या सवलती आटणार हे उघड होते. परंतु एकाच्या अज्ञानावर दुसऱ्याची सवलत पोसण्याचा मार्ग बराचसा बंद झाला. ज्या देशाचे दाखले देऊन येथे निर्बंध उठवण्यात आले, त्या देशाने हे पाऊल उचलले, याची नोंद येथील उदारीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी अद्याप पुरेशी घेतलेली दिसत नाही.

आपल्या देशात ही स्थिती कशी आली, तो इतिहास थोडक्यात पाहावा लागेल. जीवन विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ साली झाले. त्या वेळी चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. सर्वसाधारण विमा, ज्यात मोटार विमा येतो, तो मात्र आणखी पंधरा वर्षे खाजगी हाती राहिला. मे १९७१ मध्ये सरकारने त्याचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, १९७२ साली राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९७३ पासून एकशेसात कंपन्यांचे विलीनीकरण होऊन चार कंपन्या उरल्या. नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. दर ठरवण्याचे काम वैधानिक दर सल्लागार समितीकडे होते, आणि देशभर एका वर्गातील वाहनाला एकच भाव होता. प्रतिनिधी बदलला म्हणून हप्ता बदलत नसे.

त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. थर्ड पार्टीचे दर राजकीय दडपणाखाली वर्षानुवर्षे खर्चापेक्षा कमी ठेवले जात. त्याची तूट आग विम्याच्या फायद्यातून भरून निघे. चार कंपन्या सख्ख्या बहिणी होत्या, परंतु दाव्यासाठी गेलेल्या माणसाला कोणतेच दार लवकर उघडत नसे. सर्वेक्षकाची वाट पाहून कंटाळलेल्या वाहनमालकाला राष्ट्रीयीकरणाविषयी आत्मीयता वाटावी असे काही घडत नव्हते. समाजवादी चळवळीने या दोषांवर त्या काळात जेवढे बोट ठेवावयास हवे होते तेवढे ठेवले नाही. त्यामुळे १९९३ साली नेमलेल्या मल्होत्रा समितीने खाजगी कंपन्यांना दार उघडण्याची शिफारस पुढील वर्षी केली, तेव्हा सर्वसामान्य विमाधारक विरोधासाठी रस्त्यावर उतरला नाही. १९९९ च्या कायद्याने नियामक प्राधिकरण आले, खाजगी कंपन्या आल्या. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे बांधीव दर रद्द झाले. विदेशी भांडवलाची मर्यादा सव्वीस टक्क्यांवरून २०१५ साली एकोणपन्नास, २०२१ साली चौऱ्याहत्तर अशी वाढत गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ती शंभर टक्क्यांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली.

दर मोकळे होताच काय घडले हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नव्या खाजगी मोटारींसाठी कंपन्यांची झुंबड उडाली, कारण तेथे नफा होता. मालट्रक आणि प्रवासी वाहनांचा थर्ड पार्टी विमा कोणाला नको होता, कारण तेथे मृत्यू व अपंगत्वाच्या भरपाईचे मोठे दावे होते. कायद्याने सक्तीचा असलेला विमा ट्रकमालकाला दारोदार हिंडून मिळवावा लागण्याची वेळ येणार हे दिसताच, व्यापारी वाहनांच्या थर्ड पार्टी विम्याचा एक सामायिक निधी २००७ साली उभारण्यात आला. त्याचा तोटा सर्व कंपन्यांनी वाटून घ्यावयाचा होता. तोटा इतका साचला की २०१२ साली तो निधी गुंडाळून वेगळी व्यवस्था करावी लागली. बाजाराला जे ग्राहक हवे होते त्यांच्यापुरतीच स्पर्धा होती. जे नको होते त्यांच्यासाठी पुन्हा सामूहिक तिजोरीच शोधावी लागली.

मध्यस्थांच्या मोबदल्याचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. पूर्वी दलालीला प्रकारवार कमाल मर्यादा असे. एप्रिल २०२३ पासून ती काढून टाकण्यात आली. कंपनीचा एकूण व्यवस्थापन खर्च हप्त्याच्या ठराविक मर्यादेत, सर्वसाधारण विम्यात ३० टक्क्यांत, राहिला म्हणजे झाले. त्या मर्यादेत कोणाला किती दलाली द्यावयाची हे कंपनीने ठरवावे. नवी गाडी विकणाऱ्या विक्रेत्याच्या टेबलावरच विम्याचा अर्ज का ठेवलेला असतो आणि बाहेरून विमा घेतो म्हटल्यावर त्याचा चेहरा का बदलतो, याचे उत्तर या व्यवस्थेत आहे. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या पावतीवर कराची रक्कम पैशापर्यंत छापलेली असते, तर विक्रेत्याच्या दलालीचा आकडा ग्राहकाने कधी मागितलेला नसतो आणि त्याला कोणी आपण होऊन सांगितलेलाही नसतो.

सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्या या शर्यतीत ओढल्या गेल्या. त्यांनीही सुटीवर सूट दिली, तोटा वाढला, आणि २०१९-२० ते २०२१-२२ या तीन वर्षांत नॅशनल, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या तिघींमध्ये सरकारला १७,४५० कोटी रुपयांचे भांडवल ओतावे लागले. तिघींचे विलीनीकरण करण्याची घोषणा २०१८ च्या अर्थसंकल्पात झाली आणि २०२० साली ती गुंडाळण्यात आली. सार्वजनिक कंपनीने खाजगी कंपनीची नक्कल करीत भाव पाडावयाचे आणि तोटा करदात्याने भरावयाचा, याला राष्ट्रीयीकरण म्हणता येत नाही. एक सरळ, जाहीर, न बदलणारा भाव ठेवून बाजाराला शिस्त लावणे हे तिचे काम होते. ते तिच्याकडून कोणी मागितलेच नाही.

पर्याय कोणता, असा प्रश्न साहजिकच येईल. त्यासाठी कॅनडाकडे पाहावे. सस्कॅचवान हा तेथील गव्हाच्या शेतीचा प्रांत. १९४४ साली तेथे टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली समाजवादी विचारांच्या सीसीएफ पक्षाचे सरकार आले. १९४५ साली त्याने शासकीय विमा कार्यालय काढले आणि १९४६ साली सक्तीचा मोटार विमा सुरू केला. वाहनाची नोंदणी व क्रमांकाची पाटी घ्यावयाची तेव्हाच मूलभूत विमा घ्यावयाचा, अशी ही पद्धत. मॅनिटोबाने १९७१ साली आणि ब्रिटिश कोलंबियाने त्यानंतर दोन-तीन वर्षांत सार्वजनिक मोटार विमा आणला. दोन्ही ठिकाणी न्यू डेमोक्रॅटिक पक्ष सत्तेवर होता. पुढे या प्रांतांत उजव्या विचारांची सरकारे आली, पण त्यांनी ही व्यवस्था मोडली नाही. दोष तेथेही निर्माण झाले. ब्रिटिश कोलंबियाचे विमा महामंडळ गेल्या दशकाच्या अखेरीस मोठ्या तोट्यात गेले आणि २०२१ साली भरपाईची पद्धतच बदलावी लागली. पण मूलभूत विम्यासाठी पाच ठिकाणी पाच भाव विचारीत फिरण्याची वेळ तेथील शेतकऱ्यावर येत नाही.

आपल्याकडे हे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. थर्ड पार्टीचा दर आजही सरकारच ठरवते. म्हणजे निम्मे काम झालेलेच आहे. आणि राज्य परिवहन उपक्रमांनी त्रयस्थांच्या भरपाईसाठी स्वतःचा निधी उभारल्यास त्यांना विम्यातून सूट देण्याची तरतूद कलम १४६ मध्येच आहे. म्हणजे सार्वजनिक निधीची कल्पना कायद्याला परकी नाही. थर्ड पार्टी विमा नोंदणीशी व वाहन कराशी जोडून एका सार्वजनिक निधीत आणला, तर आज रस्त्यावर जी निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना धावत आहेत, त्यांचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल. त्यांत दुचाकींचा भरणा मोठा आहे. २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यानंतर मालकाला कोणी विचारत नाही. पंचाहत्तर ते दीडशे सीसीच्या दुचाकीचा हा विमा २०२२ च्या दरांनुसार ७१४ रुपयांचा. एवढ्या रकमेवर दलाली ती किती सुटणार? म्हणून विक्रेत्याला त्यात रस नाही, आणि पॅकेज विम्याच्या भावातील गोंधळ पाहून वैतागलेला मालक सगळाच विमा सोडून देतो. मग त्या दुचाकीखाली कोणी सापडले, तर न्यायाधिकरणाने लाखांची भरपाई मंजूर केली तरी ती विनाविमा मालकाकडून वसूल व्हावयाची असते. हातावर पोट असलेला मालक ती देऊ शकत नाही. मृताची विधवा न्यायालयाचा कागद सांभाळीत बसते. अज्ञात वाहनाने धडक दिल्यास सरकारी योजनेतून मृत्यूबद्दल दोन लाख रुपये तरी मिळतात. येथे वाहन ज्ञात असूनही हाती काही पडत नाही, असा विचित्र प्रकार आहे.

सार्वजनिक निधी उद्या होणार नाही. तोपर्यंत मागण्या लहान ठेवाव्यात, पण त्या नेमक्या असाव्यात. नूतनीकरणाच्या प्रत्येक सूचनेवर गतवर्षीचा हप्ता, गतवर्षीचे व यंदाचे गाडीचे मूल्य, दिलेल्या सुटीची टक्केवारी आणि विक्रेत्याची दलाली हे आकडे मराठीत, ठळक अक्षरांत छापलेले असले पाहिजेत. जुन्या ग्राहकाला नव्याहून अधिक भाव लावण्यास ब्रिटनप्रमाणे बंदी हवी. सार्वजनिक कंपन्यांनी सुटीचे दर वर्षातून एकदा जाहीर करावेत आणि ते सर्वांना सारखे असावेत.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना यात आजच करता येण्याजोगे एक काम आहे. मुंबईच्या टॅक्सीचालकांची संघटना जॉर्ज फर्नांडिस यांनी बांधली होती, आणि चालकांच्या रोजच्या अडचणींचे कागद गोळा करण्यापासून आपल्याला सुरुवात करता येईल. प्रत्येक रिक्षा थांब्यावर दहा-वीस मालकांच्या गेल्या दोन वर्षांच्या पॉलिसी मागून घ्याव्यात. एका वहीत गाडीचे साल, धरलेले मूल्य, मूळ हप्ता, सूट, बोनस, थर्ड पार्टी आणि एकूण रक्कम असे रकाने आखावेत. एकाच थांब्यावरील, एकाच सालच्या, एकाच बनावटीच्या रिक्षांचे आकडे शेजारी-शेजारी लिहिले गेले म्हणजे मालकांना फारसे समजावून सांगावे लागणार नाही. बोनस गाडीला नसून मालकाला मिळतो, कंपनी बदलली तरी तो बरोबर नेता येतो आणि मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण न केल्यास तो बुडतो, हेही त्यांना त्याच वेळी सांगावे. पुष्कळांना ते ठाऊक नसते. ज्यांच्या आकड्यांत विनाकारण तफावत दिसेल, त्यांची लेखी तक्रार प्रथम कंपनीकडे करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. हप्त्याविषयीचा वाद त्याच्या अधिकारकक्षेत येतो, त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. लोकपालांची कार्यालये मुंबईत व पुण्यात आहेत. तक्रारींची प्रत हैदराबादच्या नियामकाकडे पाठवावी आणि वहीतील रकाने, मालकांची नावे वगळून, या साप्ताहिकाकडे पाठवावेत.